वळते हं

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे. गाडी दुरुस्तीला घेऊन आलेल्या एका गाण्याच्या शिक्षकांनी ते ठेवलं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. गॅरेजच्या पाटीवर वेगळंच काहीतरी लिहिलेलं होतं, ते कोणी वाचत नसे. पत्ता विचारणाऱ्याला लोक सांगत, पाण्याच्या टाकीपाशी जा आणि कानसेनचं गॅरेज कुठलं ते विचार.

त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. गाडी वळताना खालून कुठूनतरी गुणगुणते, सरळ चालवली की दबते, आणि आवाज नेमका कुठला ते काही केल्या कळत नाही, अशी तक्रार असली की माणूस चार गॅरेजं पालथी घालून शेवटी त्याच्याकडे येई. बाकीचे मिस्त्री अशा वेळी एकेक भाग बदलून बघत. हा काहीच उघडत नसे. आधी गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला लावी. तिथंच ती कण्हली तर स्टिअरिंगचं तेल कमी झालेलं असे, नाहीतर पंप गेलेला असे. तेलाची बाटली वाकून पाहिली की काम झालं. कण्हली नाही तर मात्र तो मागच्या सीटवर मधोमध बसे, हात मांडीवर ठेवी, डोळे मिटी आणि म्हणे, "चल."

गाडी चालवायला त्याची बायको.

टाकीभोवती गोल रस्ता होता. त्यावर एक फेरी उजव्या हाताची, मग एक डाव्या हाताची. गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डाव्या चाकांवर जातो, आणि भार आला की चाकातलं झिजलेलं बेअरिंग बोलायला लागतं. म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढला तर दोष डाव्या चाकात, डाव्या वळणावर वाढला तर उजव्यात. दोन्हीकडे सारखाच राहिला तर तो टायरचा. सांगायला हे इतकंच आहे. पण इंजिन, वारा, रस्त्याची खडी, या सगळ्या गलक्यातून तो एक खालचा सूर वेगळा काढायचा म्हणजे खायचं काम नव्हे. दोन फेऱ्या झाल्या की तो डोळे उघडी आणि "पुढचं डावं" एवढंच बोले. मग धाकटा, म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, गाडी जॅकवर घेई आणि चाक काढी.

त्याचा एक नियम होता. आवाज कुठल्या वळणाला येतो, हे गिऱ्हाइकानं आधी सांगायचं नाही. कोणी सांगायला लागलाच तर तो हात वर करून थांबवी. म्हणे, "पेशंटनं रोग सांगायचा नाही. डॉक्टरला थोडं काम ठेवा."

बायकोला गाडी त्यानंच शिकवली होती, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. स्वतः चालवताना त्याला नीट ऐकता येईना आणि धाकटा चालवायचा ती मागे आग लागल्यासारखी. ती चालवायची काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तशी. चाळीसचा वेग म्हटलं की चाळीस, त्रेचाळीस नाही. घर गॅरेजच्या वरच होतं. तो जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पाना दोनदा आपटे आणि ओरडे, "ड्रायव्हर, खाली ये." ती हात पुसत उतरे आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, "या नोकरीत सुट्टी नाही का हो?" चोवीस वर्षं हे असं चाललं. चोवीस वर्षांत तिनं किती गाड्या टाकीभोवती फिरवल्या याची मोजदाद नाही.

शेवटच्या दोन-अडीच वर्षांत तिला एक सवय लागली होती. वळण आलं की ती हलकेच म्हणे, "वळते हं."

त्याला याचा राग येई. डोळे मिटून सगळा जीव कानात गोळा केलेला असताना मध्येच कोणीतरी बोललं की तंद्री मोडते. तो म्हणे, "कळतंय मला वळतेस ते. डोळे मिटलेत, मेलो नाहीये." ती गप्प बसे. पुढच्या गाडीत पुन्हा तेच. गिऱ्हाईक शेजारच्या सीटवर असलं तर तो त्याला सांगे, "हिला बोलल्याशिवाय वळताच येत नाही. जिभेला स्टिअरिंग जोडलंय." गिऱ्हाईक हसे. आरशात तीही हसताना दिसे. फार चिडला तर तो म्हणे, "तू गप्प बसलीस तर मला ऐकू येईल." असं तो पुष्कळदा म्हणाला होता.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. सकाळी भाजी चिरताना डावा हात जड झालाय म्हणाली, दुपारी दवाखान्यात होती, तिसऱ्या दिवशी नव्हती.

दोन आठवड्यांनी त्यानं गॅरेज उघडलं. ब्रेक, क्लच, तेलपाणी, जी कामं येतील ती करू लागला. गुणगुणणारी गाडी मात्र एकही आली नाही. एक-दोनदा त्यानं पाहिलं, धाकटा फाटकाशी कोणाशी तरी बोलत होता आणि ती गाडी मागच्या मागे वळून निघून गेली. कोण होतं म्हणून विचारलं तर धाकटा म्हणाला, पत्ता विचारत होते. त्यानं मान डोलावली. त्या दिवसांत तो फारसं काही विचारत नसे.

वरच्या दोन खोल्यांत सगळं अर्धं झालं होतं. पलंगाची एक बाजू, दोन कपांतला एक कप, जेवताना समोरची खुर्ची. पुरतं शाबूत असं त्याच्यापाशी एकच उरलं होतं, ते म्हणजे त्याचे कान. असं त्याला वाटत होतं. या गोष्टीत पणाला लागलं ते तेवढंच.

मुलगी चार दिवसांची रजा काढून आली. ती सहा तासांच्या अंतरावर, दुसऱ्या शहरात असायची, एका दवाखान्यात क्ष-किरण काढायच्या कामावर. घरातल्या साचलेल्या भांड्यांकडे तिनं पाहिलं, न बोलता ती घासली, आणि मग विषय काढला. बाबांनी आता तिच्याकडे यावं. गॅरेज काकांना सांभाळू द्यावं. त्यानं विचारलं, तिकडे येऊन मी करू काय? खिडकीत बसू? इथे माझ्या कानांचं काम आहे.

"चार महिन्यांत किती गाड्या ऐकल्यात, बाबा?" मुलगी म्हणाली.

 लगेच तिलाच आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. विषय बदलायचा म्हणून ती म्हणाली की, येताना तिचीच गाडी वळणावर गुणगुणत होती. घाटात तर फारच.

तो ताठ बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कुठल्या वळणाला ते सांगायला तिनं तोंड उघडलं तसा त्यानं हात वर केला. हे पाहून तिला इतकं बरं वाटलं की तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

खाली धाकट्यानं ऐकलं आणि तो हातातलं काम टाकून आला. दादा, राहू दे, म्हणाला, मी बघतो ना, उद्या सावकाश बघतो. कानसेन म्हणाला, "तू बघशील. ऐकणार कोण?" आणि मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसला.

मुलगी स्टिअरिंगवर बसली. जागेवर दोन्हीकडे फिरवून झालं, तिथे काही नाही. गाडी निघाली. त्यानं डोळे मिटले. गाडी त्याच रस्त्यानं टाकीकडे गेली, त्याच वेगानं, कारण मुलीलाही चालवायला तिच्या आईनंच शिकवलं होतं. उजवी फेरी सुरू होताना मुलीला आई आठवली. आठवली म्हणजे काय, ती स्वतःच त्या जागेवर बसली होती. तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "वळते हं."

 या वेळी तो ओरडला नाही. डावी फेरी झाली. त्या फेरीत मुलगी काही बोलली नाही, कारण तिला बोलवेना. त्यानं डोळे उघडले.

"पुढचं डावं," तो म्हणाला. जराही थांबावं लागलं नाही. उत्तर जिभेवर तयारच होतं, नेहमीसारखं.

"असं?" मुलगी म्हणाली. "मला वाटलं होतं..." मग ती थांबली. बाबांच्या कानापुढे आपल्या वाटण्याला काय किंमत, असं तिला वाटलं.

धाकट्यानं गाडी वर घेतली आणि पाना हातात धरून तो तसाच उभा राहिला. "दादा, नक्की?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. कानसेन म्हणाला, "कान कोणाचे आहेत?" धाकट्यानं चाक काढलं, त्यामागचा हब काढला, प्रेसवर दाबून जुनं बेअरिंग बाहेर काढलं. ते त्यानं दोन बोटांवर धरून फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. कुठे खरखर नाही, ढिलेपणा नाही. हे तर चांगलं आहे, तो हळूच म्हणाला. कानसेन म्हणाला, हातात सगळीच चांगली लागतात, भार आला की बोलतात. हे काही खोटं नव्हतं. धाकट्यानं नवं बेअरिंग दाबून बसवलं आणि दुपारपर्यंत चाक पुन्हा जागेवर लावलं.

मग खात्रीची फेरी. पहिली झाली, दुसरी झाली. मुलीनं गाडी कडेला घेतली आणि आरशात न बघता म्हणाली, "बाबा, आहे अजून."

तो म्हणाला, नवं बेअरिंग आहे, बसायला वेळ घेतं, पुन्हा फिरव. तिनं फिरवलं. तिसऱ्यांदाही फिरवलं. चौथ्या वेळी त्यानं विचारलं, आत्ता आहे का? उजवं वळण होतं. आत्ता नाही, ती म्हणाली. मग तिनं गाडी उलटी वळवली आणि डाव्या फेरीला लागली. टाकी खिडकीतून सरकत राहिली. त्यानं श्वास रोखला.

"आता?"

"आता आहे ना, बाबा. केवढा आहे." आणि मग, खालच्या आवाजात, "तुम्हाला येत नाहीये का?"

त्याला इंजिन ऐकू येत होतं. चाकाखाली खडी फुटत होती ती ऐकू येत होती. सिग्नलच्या दिव्याची टिकटिक, मुलीचं नाक ओढणं, दूर कुठेतरी कुत्रं, सगळं येत होतं. तो खालचा सूर जिथे असायचा तिथे काही नव्हतं. भिंतीवरची तसबीर काढून घ्यावी आणि खिळाही नसावा, तसं.

तो आठवू लागला. शेवटचा कधी ऐकला होता हा आवाज? गेल्या उन्हाळ्यात दातांच्या डॉक्टरांची राखाडी गाडी आली होती. उजवं चाक सांगितलं, उजवंच निघालं. त्यानं ती फेरी मनात पुन्हा फिरवून पाहिली. गुणगुण काही आठवेना. आठवलं ते डाव्या वळणावरचं "वळते हं." उजव्या वळणावर ती काही बोलली होती का? नव्हती. त्याआधी एक निळी गाडी होती, नव्या नवरा-बायकोची. तिथेही तेच, फक्त वळण उलटं. मग पोस्टातल्या बाईंची गाडी. त्या गाडीत ती दोन्ही फेऱ्यांत एक चकार शब्द बोलली नव्हती. ते त्याला चांगलं आठवत होतं, कारण तो खूश झाला होता. आज कशी शहाण्यासारखी गप्प बसलीस, असं म्हणाला होता. आणि मग त्यानं सांगितलं होतं, बेअरिंग नाही, टायर आहे. टायरच होता.

"मघाशी तू वळते हं म्हणालीस," तो म्हणाला. "का म्हणालीस?"

"आई म्हणायची ना."

"दोन्ही वळणांना म्हणायची?"

मुलीनं विचार केला. तिला सांगता येईना. सुट्टीत आली की एखाद्या वेळी गाडीत बसायची तेवढंच. "म्हणत असेल," ती म्हणाली.

तो तिथंच उतरला आणि गॅरेजपर्यंत चालत गेला. मुलगी गाडी हळूहळू त्याच्या मागून आणत राहिली, चालू का थांबू हे न कळून. धाकटा नळापाशी साबणाच्या भुकटीनं हात चोळत होता. दादाचा चेहरा पाहून त्यानं नळ बंद केला.

"किती दिवस?" कानसेननं विचारलं.

धाकट्यानं कशाचे म्हणून विचारलं नाही. "अडीच वर्षं होतील."

मग त्यानं सांगितलं. हातावरचा साबण वाळेपर्यंत सांगत होता. एका शाळामास्तरांच्या गाडीला दादानं उजवं चाक सांगितलं होतं. दादा वर जेवायला गेल्यावर वहिनी खाली आली आणि म्हणाली, भावजी, डावं काढा. धाकट्याला नवल वाटलं. डावं काढलं तर तेच गेलेलं. वहिनी म्हणाली, सर्दी झाली असेल यांना, बोलू नका. महिन्याभरात पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ती जुन्या टायरांच्या चळतीवर बसली आणि बराच वेळ नखानं हातावरचं ग्रीस खरवडत राहिली. धाकट्यानं सुचवलं की दादाला सांगू, कानाच्या डॉक्टरकडे नेऊ. ती म्हणाली, डॉक्टर एका वाक्यात सांगून मोकळा होईल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हे करतील काय? त्यानंतर कधीतरी तिनं ते वळते हं सुरू केलं. ज्या वळणाला आवाज येई, तेवढ्याच वळणाला. डावं-उजवं असं काही तिनं कधी सांगितलं नाही. ते त्यांनी सांगायचं, म्हणाली.

कानसेननं विचारलं, तिला कसं ऐकू यायचं? ती कुठे शिकली?

हेच धाकट्यानंही तिला एकदा विचारलं होतं. ती हसली होती. ऐकायचं काय त्यात, म्हणाली होती, स्टिअरिंगमधून वर येतं, तळहाताला मुंग्या येतात. चोवीस वर्षं त्या मुंग्या तिच्या हातात होत्या. दादाचे कान ठणठणीत होते तेव्हाही तिला आधीच कळायचं. कोणी कधी विचारलं नाही, इतकंच.

मुलगी गाडी बंद करून दाराशी येऊन उभी होती. तिनं शेवटचं तेवढं ऐकलं.

"मी तिला गप्प बस म्हणायचो," कानसेन म्हणाला.

"हो."

"लोकांसमोर म्हणायचो."

"हो, दादा."

"तू मला सांगायचंस. एकदा तरी. निदान ओरडू नको म्हणायचंस."

धाकट्यानं हाताकडे पाहिलं. सांगावं की नाही असं त्याचं चाललं होतं. पण अडीच वर्षं सांभाळलेलं ओझं एकदा खाली ठेवायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही.

"मी वहिनीला म्हणालो होतो, दादा एवढा अंगावर येतो, वाईट नाही वाटत? तर म्हणाली, नाही हो भावजी. ते ओरडले की मला कळतं, पोचलं."

कानसेन टायरांच्या चळतीकडे गेला. बसायला गेला आणि बसला नाही. चळतीला हात लावून उभा राहिला. धाकटा पुढे आला तसं त्यानं हातानंच त्याला लांब राहायला सांगितलं. मुलीला वाटलं, बाबा रडतील. ते रडले असते तर तिला पुढे होता आलं असतं. तो रडला नाही. भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिला, जणू त्यांतला एखादा कमी आहे.

मग म्हणाला, "उजवं काढ. पोरीला परवा घाट चढायचाय."

धाकट्यानं उजवं चाक काढलं. बेअरिंग बाहेर येताच हातात खरखरलं. ते त्यानं दादापुढे धरलं. कानसेननं ते तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. नवं बेअरिंग बसलं, चाक चढलं, मुलगी एकटीच टाकीभोवती फिरून आली आणि गाडी आता गप्प आहे म्हणाली, तरी तो ते फिरवतच होता.

दुसऱ्या दिवशी मुलीनं त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. पहिल्या खेपेला त्यानं प्रत्येक आवाजाला बरोबर बटण दाबलं. तपासणाऱ्या बाईंना शंका आली. त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. मग खालच्या सुरांना त्याचं बोट हललंच नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही माझ्या हाताकडे बघून दाबत होतात. त्यानं हे मुद्दाम केलेलं नव्हतं. त्याला ते माहीतही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काही लोकांचे खालचे सूर आधी जातात. बोलणं नीट ऐकू येतं, त्यामुळे घरच्यांनासुद्धा पत्ता लागत नाही.

"घरच्यांना लागला होता," तो म्हणाला.

मुलगी गेली. जाताना तिनं पुन्हा विचारलं, येता का? आता नाही म्हणायला कानांचं कारण उरलेलं नव्हतं. तरी तो नाही म्हणाला. इथे एक काम राहिलंय, म्हणाला. कसलं ते तिनं विचारलं नाही. तिला वाटलं, एखादी गाडी अर्धवट उघडलेली असेल.

काम हे होतं की, लोकांना सांगायचं.

आठवड्याभरात एक टॅक्सीवाला आला, जुनं गिऱ्हाईक. गाडी वळताना गुणगुणत होती. धाकटा सवयीनं फाटकाशी गेला, पण कानसेननं त्याला थांबवलं आणि टॅक्सीवाल्याला स्टुलावर बसवलं. समोर उभं राहून, शाळेतल्या मुलानं पाठ म्हणावा तसं त्यानं सांगितलं. मला हा आवाज ऐकू येत नाही. अडीच वर्षं येत नव्हता. ती ऐकायची, मी नुसता बोलायचो.

टॅक्सीवाल्याचे डोळे भरले. त्यानं कानसेनचा हात दोन्ही हातांत धरला.

"असं होतं, मिस्त्री. माझी आई गेली तेव्हा मलाही वर्षभर कोणाचं काही ऐकू येत नव्हतं."

"तसं नाही," कानसेन म्हणाला. आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. वळते हं म्हणजे काय ते सांगितलं. कुठल्या वळणाला म्हणायची ते हातानं हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं. टॅक्सीवाला मान डोलावत होता. ते शब्द ऐकून तो हसला, मायेनं. वहिनींची ती सवयच होती, म्हणाला, आणि तुम्ही काय चिडायचात त्यांच्यावर, आम्हाला तर फार मजा वाटायची.

"हो," कानसेन म्हणाला. "चिडायचो."

मग त्यानं टॅक्सीवाल्याला विचारलं, आवाज कुठल्या वळणाला येतो? तो चपापला. डावीकडे वळताना, म्हणाला. मग पुढचं उजवं असेल, धाकटा हात लावून बघेल. धाकट्यानं गाडी वर घेतली, चाक हातानं फिरवलं, दुसऱ्या हातानं चाकामागची स्प्रिंग धरली. थरथर तळहाताला लागली. उजवंच होतं.

टॅक्सीवाला बघतच राहिला. त्या संध्याकाळी टॅक्सी स्टँडवर त्यानं सगळ्यांना सांगितलं, बायको गेल्यापासून माणूस हळवा झालाय, स्वतःला बहिरा म्हणवून घेतो. पण विद्या कुठे जाते? गाडीत बसला नाही की डोळे मिटले नाहीत, स्टुलाशेजारी उभ्या उभ्या चाक सांगितलं.

पुढच्या आठवड्यात वळणावर गुणगुणणाऱ्या तीन गाड्या आल्या. कानसेननं तिघांनाही स्टुलावर बसवून सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आपलं ओरडणंही. तिघांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. तिसरा तरुण होता. त्यानं गाडीचं मागचं दार उघडून धरलं आणि अदबीनं म्हणाला, "तुम्हाला जमेल तेव्हा, मिस्त्री. मला घाई नाही."